दोन स्टोव्हचा संसार

तैसिया कोंद्रात्येवनाने मला जेवढा वैताग दिला, तेवढा माझ्या दोन्ही नवऱ्यांनी मिळून दिला नाही. आणि त्यातला एक तर पक्का दारुडा होता. गिरणीतल्या नव्या पोरी मला विचारतात, "लुकेर्या मावशी, तुम्ही तिच्या शेजारी राहायचात ना? कशी होती हो ती?" त्यांना वाटतं, मी डोळे पुसत काहीतरी थोर सांगेन. मी सांगते, हेकट होती. मग त्या एकमेकींकडे बघतात आणि म्हातारीचं डोकं फिरलंय असं समजून निघून जातात.

आमच्या खोल्यांची भिंत एकच. ते घर पूर्वी एका कापडवाल्या शेठचं होतं. क्रांतीनंतर शेठ पळाला आणि त्याच्या खोल्याखोल्यांतून गिरणीची माणसं भरली. खोली प्रत्येकाला वेगळी, पण स्वयंपाकघर सगळ्यांत मिळून एकच. ओट्यावर ओळीने रॉकेलचे स्टोव्ह फुरफुरत असायचे, घरटी एक. कोण कोणाचं हे ओळखायला आम्हाला कुठल्या कचेरीत जावं लागत नसे. एका स्टोव्हवर जेवतात ते एक घर. नवरा-बायकोचं बिनसलं की बायको बाजारातून दुसरा स्टोव्ह घेऊन यायची आणि सगळा मजला समजायचा की यांचं फाटलं. समेट झाला की तोच स्टोव्ह परत विकायला निघायचा.

ही तैसिया मात्र आमच्या मजल्यावरच्या नाझार बुग्रोवच्या खोलीत राहायला आली ती येतानाच स्वतःचा स्टोव्ह घेऊन. भांडण नाही, तंटा नाही, नवंकोरं प्रेम, आणि ओट्यावर दोन स्टोव्ह! आम्ही सगळ्या बायका हातातली कामं टाकून बघत राहिलो.

"हे काय गं?" मी विचारलं.

"तो त्याचा, हा माझा," ती म्हणाली. "मी कोणाची बायको नाही, लुकेर्या सावीश्ना. आम्ही दोघं सोबती आहोत, एका छपराखाली राहणारे."

"आणि भूक लागली की?"

"ज्याची भूक त्याचा स्टोव्ह."

आता तिचंही सांगायला हवं. ती गावाकडची अनाथ पोर. आई बाळंतपणात गेली, मामाने वाढवली. मामा घोड्याला कधी हात लावायचा नाही, पण लगामाने मामीला मारायचा, आणि मामी मार खाऊन झाला की उठून त्याच्यासाठी कोबीचं सूप गरम करायची. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही भांडी घासताना, माझ्याकडे न बघता. मामाने तिला लहानपणीच गिरणीत आणून टाकली. यादवी युद्धात ती इस्पितळात उवांनी भरलेले सदरे उकळायची, तिथेच एका जखमी सैनिकाकडून वाचायला शिकली. परत आली ती केस कापून, डोक्याला लाल रुमाल बांधून. पक्षाच्या महिला विभागाने तिला आमच्या सूतखात्याची प्रतिनिधी केलं, आणि तेव्हापासून आमच्या गावातल्या नवऱ्यांची झोप उडाली.

दर गुरुवारी गिरणीच्या क्लबात तिचं भाषण असायचं. बोलायची मात्र फक्कड, खोटं कशाला सांगू. "बायांनो, चूल म्हणजे पायातली बेडी. पाद्र्याने बांधलेलं लग्न म्हणजे विक्री. प्रेम आहे तोवर सोबत राहा, प्रेम संपलं की हात मिळवा आणि वेगळे व्हा. मत्सर ही जुन्या जगाची घाण आहे, ती घासून काढा. आमच्याकडे बघा. नाझार त्याचं त्याचं शिजवतो. त्याचे सदरे गिरणीच्या धुलाईखात्यात जातात. उद्या त्याला दुसरी कोणी आवडली तर तो मला तोंडावर सांगेल, आणि मी त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन करीन!"

तरुण कामगार पोरं तेव्हा फार माजली होती. प्रेम म्हणजे काय, तर तहान लागली की प्यायचा पाण्याचा पेला, असं म्हणत गावभर हिंडायची. तैसिया त्यांना व्यासपीठावरून सोलून काढायची: "पेला तुम्ही पिता आणि विसळायला बायका! गर्भपाताच्या खाटेवर कोण झोपतं, तुम्ही का आम्ही?" पोरं माना खाली घालायची. आणि सगळ्यात मागच्या बाकावर नाझार बसलेला असायचा, सूर्यफुलाच्या बिया फोडत, सालं मुठीत धरत, गालातल्या गालात हसत. नाझार फिटर होता, रुंद खांद्यांचा, कुरळ्या केसांचा, हार्मोनियमसारखी पेटी गळ्यात अडकवून गाणारा. त्या भाषणांतलं हात मिळवून वेगळं व्हायचं तेवढंच त्याने लक्ष देऊन ऐकलं होतं. उठून त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला प्रत्येक गुरुवारी वाटायचं.

कारण खरं काय ते ओट्याशी उभं राहणारीला माहीत होतं. स्टोव्ह दोन होते, पंप मारणारी एकच. डाव्या हाताला तिचं सूप, उजव्या हाताला त्याची काशा, म्हणजे कण्यांची घट्ट लापशी, आणि ही मध्ये उभी राहून दोन्हीकडे ढवळतेय!

"हा तर नाझारचा स्टोव्ह," मी म्हणायची.

"आज दमलाय तो."

"काल?"

"काल त्याची सभा होती."

"आणि परवा काय, हात मोडला होता?"

"हळू बोल गं, लुकेर्या. बाहेर पोरी आहेत."

धुलाईखात्याचं तर विचारूच नका. तिथे सदऱ्याची बटणं तुटतात म्हणून नाझारने एकदा तोंड वाकडं केलं, त्यानंतर त्याचे सदरे हिच्या बालदीत आले. टेबलाखाली मोजे विणायची. कोणी आलं की वर वर्तमानपत्र पसरायची. मी म्हटलं, "अगं बये, एक तर बोलतेस तसं कर, नाहीतर सांगू तरी नकोस. माझा पहिला नवरा दारू प्यायचा, पण लपवून नाही प्यायचा." तिने रागाने सुया आवळून धरल्या आणि आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही.

त्या खोलीत तिसरं माणूस होतं, नाझारची आई, फ्योक्ला येरेमेयेवना. डोळ्यांनी अधू होत होत शेवटी पुरती आंधळी झालेली. कोपऱ्यातल्या खाटेवर बसून दिवसभर तैसियाला शिव्या द्यायची. "लाल चिंधीवाली" हे तिचं लाडकं नाव. देवाची तसबीर तैसियाने भिंतीवरून काढली होती, पण म्हातारीच्या उशीखाली ठेवू दिली होती, आणि त्यावरून दोघींचं रोज वाजायचं. तरी म्हातारी जेवायची ती तैसियाच्या हातून. नाझारने एकदा चमचा पुढे केला तर तोंड फिरवून बसली. "तुझा हात हलतो," म्हणाली, "दाढीवर सांडतोस." म्हातारीला दाढी होती, हेही खरं.

तर असं चाललं होतं, आणि चाललंही असतं. पण मधे उस्तिन्या आली.

उस्तिन्या सूतखात्यातली, विशीची, अंगाने काडी. तैसियाची भाषणं तिच्या डोक्यात भिनली. तिनेही दुसरा स्टोव्ह घेतला आणि नवऱ्याला सांगितलं, आजपासून तुझं तू. नवऱ्याने स्टोव्ह खिडकीतून फेकला आणि तिला बदडली. डोळा सुजलेली ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. तैसियाने ओलं फडकं तिच्या डोळ्यावर धरलं. उस्तिन्या रडली नाही. एवढंच म्हणाली, "सगळे म्हणतात, हे कुठे जमत नसतं. पण तुमच्याकडे जमतं ना, तैसिया कोंद्रात्येवना? खरंच जमतं ना?"

मी तैसियाकडे बघितलं. तिच्या मागे दोन्ही स्टोव्ह पेटलेले होते.

"जमतं," तैसिया म्हणाली.

उस्तिन्या त्याच आधारावर नवऱ्याला सोडून गिरणीच्या बायकांच्या वसतिगृहात राहायला गेली. तिच्यापाठोपाठ आणखी काहीजणी उठल्या. कोणी स्टोव्ह आणला, कोणी सासरचं घर सोडलं, कोणी नवऱ्याला पोरं सांभाळायला लावून सभेला यायला लागली. आणि प्रत्येकजण घरी भांडताना म्हणायची, "तिथे बुग्रोवच्या खोलीत जमतं, मग इथे का नाही?" झालं! आता तैसियाला मोजेसुद्धा कोणाला दिसू देण्याची सोय राहिली नाही.

त्या हिवाळ्यात एक दिवस ती नाझारची काशा ढवळत होती. तो स्वयंपाकघरात आला, टोपी डोक्यावरच.

"तैसिया, आज जेवणाच्या सुट्टीत मी कापितोलिनाशी लग्न नोंदवलं. ऑफिसातली टंकलेखक, तुला माहीत आहे. तू म्हणायचीस ना, तोंडावर सांग. तर सांगतोय."

ओट्याशी आम्ही चारजणी होतो. तैसियाने पळी पातेल्यावर झटकली, हात फडक्याला पुसला आणि पुढे केला.

"अभिनंदन," ती म्हणाली. मग विचारलं, "तिला काशा चालते का?"

कपाळ माझं! माझ्या हातातलं झाकण खाली पडलं. मी म्हटलं, "अगं, ती गरम काशा त्याच्या टाळक्यावर ओत!" तिने ऐकलं नाही. नाझारने मात्र हात असा मिळवला की जसं काही दोघांनी मिळून मोठं काम तडीस नेलं. त्याच्याशी नोंदणी केली असती तर निदान त्याला घटस्फोटाची एक फेरी मारावी लागली असती, पण तीही हिने ठेवली नव्हती. पाद्र्याचा शिक्का गेला, आता सरकारचा कशाला, असं म्हणून ही बाई कधी नोंदणी कचेरीत गेलीच नव्हती!

गावात रिकामी खोली शोधून सापडत नव्हती. तेव्हा कापितोलिना, सगळ्यांची कापा, तिथेच आली. खोलीच्या मधोमध कपाट उभं केलं. एका बाजूला नाझार आणि कापा, दुसऱ्या बाजूला तैसिया आणि म्हातारी. कापा वाईट नव्हती. वय कोवळं, अत्तराचा वास, आणि सगळ्यांना घाबरलेली. पण तिला तिचा संसार हवा होता, आणि आंधळ्या म्हातारीच्या लघवीच्या भांड्याच्या वासाने तिला उमळायचं. महिन्याभरात नाझार घरसमितीच्या अध्यक्षाकडे गेला. सांगितलं, खोली गिरणीने माझ्या नावावर दिली आहे. तैसिया ही माझी कोणी नाही, सोबती म्हणून भाडेकरू ठेवली होती, तिला बाहेर काढा. आणि आईला जिल्ह्याच्या गावी वृद्धाश्रमात पाठवायची सोय करा.

हे सगळं तो कपाटाच्या पलीकडे कापाला सांगत होता, आणि आंधळ्या माणसाचे कान कसे असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी म्हातारीला पाव द्यायला गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने माझी बाही धरली. "लुकेर्या, तिथे चिंधीवाली येणार आहे का गं माझ्यासोबत?"

मी तशीच तैसियाकडे गेले. नवीन वर्षापासून नवा कायदा आला होता: नोंदणी नसली तरी चालेल, दोघं नवरा-बायकोसारखे नांदले, एका घरचं जेवले, चारचौघांत तसे वागले, हे कोर्टाला पटलं की ती बायको. आणि बायकोला खोलीतून काढता येत नाही.

"जा कोर्टात," मी म्हटलं.

"मी बायको नव्हते."

"नव्हतीस तर मग ते मोजे कोणी विणले, मी?"

"लुकेर्या, स्वतःसाठी मी बायको म्हणून भीक मागणार नाही."

"स्वतःसाठी नको मागूस. ती आंधळी तिकडे परक्या बायकांच्या हातून खाणार नाही. आठ दिवसांत मरेल. तिच्यासाठी जा. एक शब्द बोलायचाय गं, एकच! बायको म्हण आणि घरी ये."

ती बराच वेळ म्हातारीचे केस विंचरत राहिली. मग म्हणाली, "जाते."

मला वाटलं, जिंकलो. मीच मूर्ख.

कोर्ट भरलं ते गिरणीच्या क्लबात, जिथे ती गुरुवारी बोलायची तिथेच. मागची सगळी बाकं सूतखात्याच्या बायकांनी भरलेली. सगळ्यात पुढे उस्तिन्या. तिचा नवरा दाराशी उभा, हाताची घडी घालून, मजा बघायला आलेला. न्यायाधीश एक कापलेल्या केसांची, सर्दी झालेली बाई, सारखी नाक पुसत होती. दोन्ही बाजूंना दोन पंच बसलेले.

नाझार आधी बोलला, आणि छान बोलला. नाही तरी शब्द सगळे तिचेच होते. "नागरिक न्यायाधीश, इथल्या कोणालाही विचारा. याच जागी उभी राहून ती म्हणायची, मी कोणाची बायको नाही. स्टोव्ह वेगळे होते. मी गिरणीच्या खानावळीत जेवत होतो. सदरे धुलाईखात्यात. मी त्या खोलीत फक्त झोपायला जायचो. एका घरासारखं आमचं काहीही नव्हतं. प्रेमाचं म्हणाल तर प्रेम होतं, पण ते स्वतंत्र होतं."

मागून कोणीतरी हसलं. न्यायाधीशबाईने नाक पुसलं. "हे ती खरंच म्हणायची?"

सगळ्या बाकांवरून आवाज आला, "हो!" आमच्याच बायका, मूर्ख कुठल्या! अभिमानाने सांगत होत्या.

मग मला बोलावलं. मी तर तयारच होते. "लिहून घ्या," मी म्हटलं. "स्टोव्ह दोन, खरं आहे. पण दोन्हींना पंप हीच मारायची. त्या माणसाला स्टोव्हमध्ये रॉकेल कुठून ओततात तेही माहीत नाही. विचारा त्याला, पिन कशी करतात! त्याची काशा हिने शिजवली, त्याची बटणं हिने लावली, त्याच्या पायात आत्ता जे मोजे आहेत ते हिने विणलेत. काढायला लावा बूट! ही बायको नसेल तर मग मी गिरणीची मालकीण."

सभागृहात हशा पिकला. नाझारचे कान लाल झाले, आणि त्याने पाय बाकाखाली ओढून घेतले. न्यायाधीशबाईने ते बघितलं. मला कळलं, झालं काम. आता तैसियाने फक्त मान हलवायची.

"नागरिक, हे खरं आहे?" न्यायाधीशबाईने तिला विचारलं. "तुम्ही याच्यासाठी शिजवत होता? याचे कपडे सांभाळत होता? थोडक्यात, तुम्ही याची बायको होता का?"

तैसिया उभी राहिली. माझ्याकडे बघितलं नाही. मागे वळून बाकांकडे बघितलं. उस्तिन्या पुढे झुकली होती, दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट धरून. दाराशी तिचा नवरा हसत होता.

"नाही," तैसिया म्हणाली. "लुकेर्या सावीश्नांची काहीतरी गल्लत होतेय. नाझार त्याच्या जेवणाचं त्याचं तो बघायचा. मी त्याची बायको नव्हते."

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकले. सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. मागून एक बाई म्हणाली, "लुकेर्याला काय, कुठेही काहीही दिसतं." आणि नाझार! तो तोंड उघडं टाकून तैसियाकडे बघत होता. एवढं बिनबोभाट जिंकू असं त्यालाही वाटलं नसावं. मी ओरडले, "अगं, त्या आंधळीचं काय?" पंचाने मला खाली बसायला सांगितलं. मी बसले. त्या क्षणी नाझार माझ्या हातात सापडला असता तर मी त्याला सोडला असता, पण तैसियाला नसता.

तेवढ्यात मागून काठीचा आवाज झाला. फ्योक्ला येरेमेयेवना. तिला शेजारच्या पोरींनी धरून आणलं होतं.

"कोण बोलतंय तिकडे?" म्हातारी म्हणाली. "मला का नाही विचारत कोणी? मी मेले का?"

"आजी, तुम्ही कोणाबरोबर राहता?" न्यायाधीशबाईने विचारलं.

"या चिंधीवालीबरोबर. देव हिला बघून घेईल."

"तुम्हाला जेवायला कोण घालतं?"

"हीच. मीठ कमी घालते."

"आंघोळ?"

"शनिवारी हमामखान्यात नेते. कान दुखेपर्यंत घासते."

"आणि मुलगा?"

म्हातारीने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "मुलगा चांगला आहे. येतो झोपायला."

न्यायाधीशबाईने नाक पुसणं थांबवलं. नाझारला उभं केलं. "नागरिक बुग्रोव, तुम्हीच सांगितलंत, तुम्ही खानावळीत जेवता, कपडे धुलाईखात्यात देता, खोलीत फक्त झोपता. तुमच्या आईने त्या खोलीत कोणाच्या स्टोव्हवरचं खाल्लं?"

"म्हणजे, ते आपलं, तैसियाच्या."

"तुमच्या स्टोव्हवरचं कधी?"

तो मोठ्या पेचात पडला. हो म्हणावं तर घर एक होतं. नाही म्हणावं तर आई त्याच्या घरची नव्हती. "नाही," तो म्हणाला.

पंच आत जाऊन आले. निकाल असा: लग्न सिद्ध होत नाही, बाईच नाही म्हणते. पण त्या खोलीत एक घर नांदतंय, आणि ते तैसियाचं आणि म्हातारीचं आहे. एकाच स्टोव्हवर जेवतात, एकमेकींना धरून आहेत. नागरिक बुग्रोवचं त्या खोलीत काहीही घरासारखं नव्हतं, असं त्याने स्वतःच कोर्टाला पटवून दिलं. त्याला झोपण्यापुरती जागा गिरणीने वसतिगृहात द्यावी. खोली दोघींकडे राहील.

बायकांनी क्लब डोक्यावर घेतला. उस्तिन्या धावत आली आणि तिने तैसियाच्या गळ्याला मिठी मारली. "बघितलंत? बघितलंत?" ती दाराकडे बघून ओरडत होती, पण नवरा केव्हाच निघून गेला होता. कापाने उन्हाळ्याच्या आत नाझारला सोडलं. तेव्हा एकट्याने जाऊनही घटस्फोट नोंदवता यायचा; त्याला ते नोंदणी कचेरीच्या पोस्टकार्डावरून कळलं. त्याबद्दल मला दुःख झालं, असं म्हणणार नाही.

मी मात्र तैसियाशी बोलणं टाकलं. तिने खोली जिंकली, म्हातारी जिंकली, सगळं गिरणीगाव जिंकलं, आणि मी मजल्यावरची खोटारडी झाले. ओट्याशी बायका मला बघून गालात हसायच्या. "काय मावशी, आज कोणाच्या स्टोव्हला कोण पंप मारतंय?" तैसिया माझ्या बाजूला उभी राहून खाली मान घालून सूप ढवळायची. आता तिच्यापुढे एकच स्टोव्ह होता.

असे बरेच शनिवार गेले. मग एकदा हमामखान्यात मी बाकावर बसून डोक्याला साबण लावत होते. डोळे मिटलेले. तेवढ्यात पाठीवर कोणाचा तरी हात आला. आमच्यात पाठ दुसरीनेच घासायची असते, त्यात काही विशेष नाही. पण मी तो हात ओळखला.

"म्हातारी कुठे आहे?" मी डोळे न उघडता विचारलं.

"तिकडे वाफेत बसवलीय. शिव्या देतेय."

"मग जा तिच्याकडे."

ती गेली नाही. पाण्याचा, टमरेलांचा, पोरांच्या रडण्याचा गलका चालला होता. ती माझ्या कानाशी वाकली.

"मी त्याची बायको होते, लुकेर्या. पहिल्या दिवसापासून. त्याची काशा शिजवताना मला बरं वाटायचं गं. आवडायचं मला. मोजे विणतानासुद्धा. तो घालून बघायचा आणि पाय हलवून दाखवायचा. मामी सूप गरम करायची ना, तशीच मी. आणि मला आवडायचं. हे कुठल्या तोंडाने सांगायचं होतं मी तिथे?"

माझ्या डोळ्यांत साबण जात होता. मी वळून तिच्याकडे बघितलं. अंगावर काही नाही, लाल रुमाल नाही, कापलेले केस कपाळाला चिकटलेले. इतकी लहान दिसत होती की मला आणखीच राग आला.

"हे सगळं ठीक आहे," मी म्हटलं. "पण मला भर कोर्टात खोटी का पाडलीस? मला? तुझ्या बाजूने उभी राहिलेली मी एकटीच होते!"

"म्हणूनच," ती म्हणाली. "तू एकटी होतीस. मागे सगळी बाकं भरलेली होती."

पायाशी थंड पाण्याची बालदी होती. ती उचलून तिच्या डोक्यावर उपडी करावी असं मला फार वाटलं, अगदी हात कडीपर्यंत गेला. मग मी तिच्याकडे पाठ केली आणि म्हटलं, "घास आता. खांद्याखाली नीट."